रेघ कोणी लक्षात ठेवायची?

अण्णा सांगलीजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या टेबलाच्या खणात, पत्र्याच्या एका डबीत, दाढी करून झालेली ब्लेड जपून ठेवलेली असत. ट्रेसिंग पेपरवर शाईने ओढलेली रेघ चुकली तर ती खोडरबराने जात नाही. ब्लेड उभे धरून शाई हलक्या हाताने खरवडावी लागते आणि मग ती जागा नखाने घोटावी लागते, नाहीतर नवी रेघ ओढताना तिथे शाई फुटते. अशी खरवडलेली जागा उजेडाकडे धरली की पांढुरकी दिसते. अण्णा अधूनमधून काम घरी आणत, आणि कोणत्या ड्रॉइंगमध्ये कुठे माप बदलले आहे ते त्या पांढुरक्या डागांवरून ओळखणे हा माझा रविवारचा खेळ होता.

१९९३ साली अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय आला, तेव्हा त्या डबीचा या विषयाशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर खांद्याला अडकवून आम्ही शीट्स काढल्या होत्या, म्हणजे खरे सांगायचे तर काचेखाली दिवा लावून निम्म्या शीट्सची जीटी मारली होती, आणि आता तेच काम यंत्र करणार याचा आनंद मोठा होता. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावे लागे आणि एका यंत्रावर तिघे बसत. टर्बो सी या साधनात, सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चालवला की बहुधा चित्राऐवजी ‘ग्राफिक्स सुरूच झालेले नाही’ अशा अर्थाची एक ओळ येई, कारण ‘ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय’ ही फाइल आपण सांगितलेल्या जागी नसे. ती सापडली की पडदा काळाभोर होई आणि ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे रिकामे शेत आपल्या ताब्यात येई.

त्या शेतात पहिली रेघ ओढायची ती ब्रेसनहॅमच्या पद्धतीने. जॅक ब्रेसनहॅम यांनी ही पद्धत १९६२ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर पेनाने रेघा ओढणाऱ्या यंत्रासाठी, शोधली. तिचे सौंदर्य असे की तिरकी रेघ ओढताना भागाकार करावा लागत नाही. पुढचा ठिपका सरळ ठेवायचा की एक पायरी वर चढवायचा, हे केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने आणि एका तुलनेने ठरते. परीक्षेत तिच्यावर दरवर्षी प्रश्न येई, त्यामुळे ती सगळ्यांना पाठ होती. किती जणांना ती आवडली होती, ते मला सांगता येणार नाही.

मला मात्र स्थिर रेघेने समाधान झाले नाही. एक टोक खिळवून ठेवावे, दुसरे माऊसबरोबर फिरावे आणि मधली रेघ रबरासारखी ताणली जावी, असे मला हवे होते. पहिल्या प्रयत्नात मी माऊस हलला की जुनी रेघ काळ्या रंगाने पुसत असे आणि नवी पांढऱ्याने ओढत असे. नवी रेघ छान फिरली, पण ती ज्या ज्या जुन्या रेघांवरून गेली त्या सगळ्या उंदराने कुरतडल्यासारख्या तुटल्या, आणि त्या उंदराची शेपटी माझ्याच हातात होती. मग वरच्या वर्गातल्या एकाने एक्सॉरची युक्ती सांगितली. ठिपक्याच्या मूळ किमतीवर रेघेची किंमत या तार्किक क्रियेने चढवली की ठिपका बदलतो, आणि तीच क्रिया पुन्हा केली की मूळ किंमत जशीच्या तशी परत येते. रेघ एकदा ओढली की दिसते, दुसऱ्यांदा ओढली की मागमूस न ठेवता नाहीशी होते.

रविवारी घरी गेल्यावर मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण त्या यंत्राला ठाऊक असतं का रे, ही रेघ आहे म्हणून?”

मी हो म्हणालो, आणि म्हणता म्हणताच ते खरे नाही हे माझ्या लक्षात आले. माझ्या प्रोग्रॅमने रेघ ओढली आणि तिची दोन टोके विसरून गेला. मागे उरले ते पडद्याच्या मेमरीतले काही पांढरे ठिपके, ज्यांना आपण एकाच रेघेचे आहोत याची कल्पना नव्हती. पुढे माझी नोकरीची वर्षे पुण्यात कॅडचे, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे, सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली, आणि या क्षेत्राचा इतिहास मी वाचत गेलो तो या एका प्रश्नाचे बोट धरून. पडद्यावरचे चित्र नेमके कोण लक्षात ठेवतो, आणि त्यातले काय लक्षात ठेवतो?

गंमत अशी की अण्णांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणू शकणारे यंत्र माझ्या जन्माआधीच होऊन गेले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ नावाचा, खोली व्यापणारा ट्रान्झिस्टरचा संगणक होता. त्याची मुख्य मेमरी ३६ बिटांच्या ६५,५३६ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३०० किलोबाइट होती. त्यावर आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने एमआयटीच्या डॉक्टरेटसाठी स्केचपॅड हा प्रोग्रॅम लिहिला आणि जानेवारी १९६३ मध्ये प्रबंध सादर केला. माणूस पडद्यावर पेनाने रेघ ओढतो आणि यंत्र तत्क्षणी ती दाखवते, एवढेच सांगून बहुतेक पुस्तके स्केचपॅडला मुजरा करून पुढे जातात. माझ्या मते त्यातला खरा ऐवज निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी आधी ते पेन समजून घ्यावे लागते.

त्याला लाइट पेन म्हणत, पण त्यातून प्रकाश बाहेर पडत नसे. उलट त्याच्या टोकाशी प्रकाश ओळखणारा घटक होता. टीएक्स-२ चा साधारण सात इंची चौकोनी पडदा एका वेळी एकच ठिपका उजळवू शके, आणि सगळे चित्र एकामागोमाग एक ठिपके इतक्या झपाट्याने मांडून तयार होई की डोळ्याला ते एकसंध वाटे. पेन पडद्याला लावले की त्याच्या नजरेच्या टप्प्यातला ठिपका उजळताक्षणी ते संगणकाला इशारा देई. संगणकाला पेनाची जागा मोजावी लागतच नसे, कारण त्या क्षणी आपण कोणता ठिपका मांडत होतो हे त्याला माहीत असे, आणि तो ठिपका कोणत्या रेघेचा हेही. ‘मी कुठे आहे’ असे पेन विचारत नव्हते. ‘आत्ता तू काय काढत होतास’ एवढेच ते विचारत होते. रेघ संपवायची असली की पेन झटकायचे. यंत्राला त्याचा माग ठेवता आला नाही की रेघ तिथेच थांबे. कोऱ्या जागी मात्र पेनाला दिसण्यासारखे काही नसे, म्हणून त्याच्या टोकाखाली ठिपक्यांची एक फुली सतत मांडत राहावी लागे आणि ती फुली पेनामागे सरकत जाई.

ठिपका कोणत्या रेघेचा हे सांगता येण्यासाठी रेघ कुठेतरी रेघ म्हणून नोंदलेली असावी लागते, आणि सदरलँड यांनी तेच केले. प्रत्येक बिंदूपाशी तिथे येऊन मिळणाऱ्या रेघांची एक साखळी गोलाकार बांधलेली होती. एक बिंदू हलवला की त्याला मिळालेल्या सगळ्या रेघा मुकाट्याने मागे येत. याच्याही पुढे जाऊन रेघांना अटी घालता येत: या दोन रेघा समांतर असाव्यात, या समान लांबीच्या असाव्यात, हा बिंदू त्या वर्तुळावरच राहावा. नियमित षट्कोन काढायचा असेल तर आधी वेडीवाकडी सहा बाजूंची आकृती काढायची, तिचे कोपरे एका वर्तुळावर नेऊन ठेवायचे, बाजू समान असाव्यात असे बजावायचे आणि शेवटी वर्तुळ काढून टाकायचे. पडद्यावर ती वेडीवाकडी आकृती हळूहळू अंग सावरत षट्कोन होऊन बसे. आम्ही पहिल्या वर्षी वर्तुळ, त्रिज्या आणि कंपासाने जे करत होतो, ते काम यंत्र अट म्हणून लक्षात ठेवत होते.

त्याच सुमारास आपल्याकडेही पडदा होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला, आणि त्याला आलेख व अक्षरे दाखवणारा कॅथोड रे ट्यूबचा पडदा जोडलेला होता. तो पडदा उत्तर दाखवण्यासाठी होता. चित्राला हात घालून ते बदलण्याची सोय हा वेगळा टप्पा होता. ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाचे सगळे वजन या फरकात आहे. हाताने काही केले आणि डोळ्याला त्याचे फळ दिसले, यांच्या मधला वेळ इतका थोडा असावा लागतो की माणसाला यंत्र मध्ये आहे याचा विसर पडावा. त्या थोड्या वेळात यंत्राने किती आठवायचे आणि किती पुन्हा काढायचे, याचा हिशेब म्हणजेच या क्षेत्राच्या हार्डवेअरचा इतिहास.

कारण पडद्याच्या काचेवरचा उजळणारा लेप, म्हणजे फॉस्फर, क्षणात विझतो. चित्र टिकवायचे तर ते सेकंदाला तीसेक वेळा पुन्हा काढावे लागते, आणि रेघा वाढत गेल्या की एक फेरा पूर्ण व्हायला वेळ लागून चित्र लुकलुकू लागते. यावर टेक्ट्रॉनिक्स कंपनीने काढलेला तोडगा मला फार लोभस वाटतो, कारण त्यांनी आठवण ठेवण्याचे काम खुद्द काचेवर सोपवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ४०१० या टर्मिनलमधील ट्यूब एकदा काढलेली रेघ स्वतःच धरून ठेवी. पुन्हा पुन्हा काढण्याची गरज नाही, महाग मेमरी नको, लुकलुक नाही. त्यामुळे हे टर्मिनल स्वस्त पडले आणि खूप ठिकाणी पोहोचले. पण त्यातली एक रेघ पुसता येत नसे. पुसायचे तर सगळा पडदा पुसावा लागे, आणि तेव्हा तो हिरवा लखलखून कोरा होई. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे ब्लेडच नसलेला ट्रेसिंग पेपर.”

दुसरा मार्ग असा होता की चित्र पुन्हा पुन्हा काढण्याचे काम मुख्य संगणकावर न टाकता पडद्याला स्वतःचा एक छोटा प्रोसेसर द्यावा. या वाटेवर काय घडते ते मायर आणि सदरलँड यांनी १९६८ मध्ये एका लेखात लिहून ठेवले आहे, आणि संगणकावरच्या लेखांपैकी मी सर्वांत जास्त वेळा वाचलेला लेख तो असेल. त्यांनी आधी रेघांची यादी वाचून दाखवणारे साधे यंत्र आखले. मग यादीत उड्या मारता आल्या तर बरे, म्हणून ती सोय दिली. तोच आकार पुन्हा पुन्हा काढता यावा म्हणून उपयादी आली. थोडी बेरीज-वजाबाकी आली. असे करता करता त्यांच्या ध्यानात आले की आपण पडद्यासाठी एक पुरा संगणकच बांधून बसलो आहोत, आणि आता या संगणकाला कंटाळवाण्या कामातून मोकळे करण्यासाठी एक साधे यंत्र जोडावे लागेल. या फेऱ्याला त्यांनी पुनर्जन्माचे चाक म्हटले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला सर्किटांच्या चर्चेत हा शब्द भेटला की हसू आवरत नाही.

त्याच १९६८ मध्ये डेव्हिड इव्हान्स आणि सदरलँड यांनी यूटामध्ये सॉल्ट लेक सिटीला कंपनी काढली, आणि तिथल्या विद्यापीठातून पुढच्या सातआठ वर्षांत जे बाहेर पडले त्यावर आमचा निम्मा अभ्यासक्रम उभा होता. गुरो यांनी १९७१ मध्ये पैलूदार पृष्ठभाग गुळगुळीत दिसावेत म्हणून कोपऱ्यांचे उजेड मध्ये विरघळवले, फाँग यांनी त्यावर चमक आणली. मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ मध्ये घरातली चहाची किटली आलेखकागदावर काढून तिचे वक्र सूत्रात बसवले, आणि ती किटली पुढे या धंद्याचे बोधचिन्हच झाली. पण आठवणीच्या हिशेबात माझा कल एड कॅटमल यांच्याकडे जातो. त्यांच्या १९७४ च्या प्रबंधातील झेड-बफरमध्ये प्रत्येक ठिपका आपल्या रंगाबरोबरच, आपण डोळ्यापासून किती दूर आहोत, हेही लक्षात ठेवतो. नवी वस्तू काढताना तिचे अंतर जुन्यापेक्षा कमी असेल तरच ठिपका बदलायचा. पुढचे काय आणि मागचे काय ठरवणारी सगळी अवघड भूमिती त्याने एका तुलनेवर आणून ठेवली. किंमत एवढीच की मेमरी भरपूर हवी, आणि ती तेव्हा कोणाकडे नव्हती.

ठिपक्यांची मेमरी किती महाग होती याचा अंदाज हिशेबाने येतो. ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे २,६२,१४४ बाइट. एक किलोबिटच्या चिप वापरल्या तर एका चित्रासाठी २,०४८ चिप लागतात. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये सुपरपेंट चालू केले ते शिफ्ट रजिस्टरांवर, ज्यात ठिपके रहाटगाडग्यासारखे फिरत राहतात आणि एखादा बदलायचा तर तो फिरत आपल्यासमोर येईपर्यंत थांबावे लागते. मेमरी स्वस्त झाली तशी प्रत्येक ठिपका मेमरीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र पसरली, रेघांच्या यादीवर चालणारे पडदे मागे पडले, आणि पीसीच्या पडद्यासाठीच्या १९८७ च्या व्हीजीए या मानकामार्फत ती आमच्या प्रयोगशाळेत आली. चित्रे भरीव आणि रंगीत झाली. मात्र या व्यवहारात पडदा रेघ विसरला. स्केचपॅडच्या ३०० किलोबाइटमध्ये षट्कोनाची अट मावत होती, आणि माझ्या व्हीजीएच्या दीड लाख बाइटमध्ये फक्त रंगांचे आकडे होते.

आपल्या लिपीने या संक्रमणाची झळ चांगलीच सोसली. पीसीचा अक्षरांचा पडदा ठरावीक चौकटींचा असे, आणि चौकटीत बसणाऱ्या आकृत्या पडदा चालवणाऱ्या कार्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या मेमरीत, पक्क्या कोरलेल्या असत. इंग्रजीची अक्षरे त्या चौकटीत पलटणीसारखी उभी राहत. आपल्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे तिथे कुठे बसणार? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान यासाठी वेगळे कार्डच पीसीत बसवत असे. मी ग्राफिक्सचा प्रयोग म्हणून आलेखाच्या वहीत १६ गुणिले १६ चौकोनांत ‘क्ष’ बसवायला एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि तो शेवटी ठेचलेल्या विंचवासारखा दिसला.

जेम्स क्लार्क हे यूटाचेच विद्यार्थी. त्यांनी स्टॅनफर्डमध्ये जॉमेट्री इंजिन नावाची चिप बनवली. अशा बारा चिप एका रांगेत लावल्या की पहिल्या चार बिंदू फिरवत आणि सरकवत, पुढच्या सहा पडद्याबाहेर जाणारा भाग छाटत आणि शेवटच्या दोन आकृतीला पडद्याच्या मापात बसवत. त्यावर सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली, तिच्या सॉफ्टवेअरमधून १९९२ मध्ये ग्राफिक्सचे प्रोग्रॅम लिहिण्याचे ओपनजीएल हे मानक आले. पुढचे लवकर सांगता येते, कारण चाक ओळखीचे आहे. १९९९ च्या जीफोर्स २५६ ने हे भूमितीचे काम घरगुती पीसीच्या कार्डावर आणले. २००१ मध्ये त्या कार्डावरच्या ठरावीक पायऱ्यांच्या जागी आपले छोटे प्रोग्रॅम चालवता येऊ लागले. २००७ मध्ये कूडा या प्रोग्रॅमिंगच्या साधनाने चित्राशी काडीचा संबंध नसलेली गणितेही त्यावर चालवायची सोय केली. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रे ओळखणारे न्यूरल नेटवर्क खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवले. पडद्याचा चाकर पुन्हा एकदा पुरा संगणक झाला. आज डेटा सेंटरमध्ये अशी कार्डे रचलेली असतात ज्यांना पडदा जोडण्याची खाचसुद्धा नसते.

आणि रेघ? तिला अटी लक्षात ठेवणारे घर परत मिळायला बाजारात पंचवीस वर्षे लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरामेट्रिक कॅड आले, ज्यात माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकार बदलतात. आपल्याकडच्या छोट्या-मोठ्या कार्यशाळांत ज्याच्यावर सगळे चालते त्या ऑटोकॅडमध्ये तर समांतर राहा, वर्तुळाला चिकटून राहा असे रेघेला बजावण्याची सोय २०१० च्या आवृत्तीत आली. या कामात काही वर्षे घालवलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो की ठिपके लक्षात ठेवणे पैशाचे काम आहे आणि अटी लक्षात ठेवणे डोक्याचे. एखादी अट जास्त झाली की आकृती अडून बसते, कमी पडली की भलतीकडेच कलंडते, आणि ग्राहक फोनवर विचारतो की मी फक्त भोक हलवले होते, खोका उलटा कसा झाला.

निवृत्तीनंतर अण्णा पुण्याला राहायला आले तेव्हा मी त्यांना घरच्या संगणकावर एक फ्लँज, म्हणजे नळ्या जोडायची बोल्टच्या भोकांची चकती, काढून दाखवला. मधल्या वर्तुळावर आठ भोके होती. त्यांनी व्यास दहा मिलिमीटरने वाढवायला सांगितला. मी आकडा बदलला आणि आठही भोके समान अंतर राखून बाहेर सरकली. त्यांना ते आवडल्याचे दिसले. त्यांनी मला सहा भोके करून पाहायला सांगितले, पुन्हा आठ, मग व्यास मूळ होता तेवढा करायला सांगितला. फ्लँज पहिल्यासारखा झाला.

“रेघ आहे हे आता कळतं याला,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आणि बदललं होतं ते कुठं दिसतं?”

मी फाइलचा इतिहास उघडला. त्यात तारीख होती, वेळ होती आणि माझे नाव होते. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याच्या जवळ झुकून त्या भोकांभोवती अंगठ्याचे नख हलकेच फिरवले, आणि काचेवर उमटलेला डाग सदऱ्याच्या टोकाने पुसून टाकला.